सातारकरांसाठी हिशेब: सिलिंडर की इंडक्शन?

महावितरणचा घरगुती दर सातारा-सांगलीत एकच. सिलिंडरची किंमत मात्र वाहतुकीमुळे जिल्ह्यागणिक थोडी बदलते.

14.2 किलोच्या सिलिंडरमधली उष्णता सुमारे 180 युनिटांइतकी. शेगडीवर बरीच वाया जाते, म्हणून तेवढाच स्वयंपाक इंडक्शनवर साधारण 140 युनिटांत होतो. सिलिंडरच्या किमतीला 140 ने भागा. वीज त्याहून स्वस्त पडली तरच इंडक्शन परवडतं.

चूक इथे होते: एकूण बिलाला युनिटांनी भागून दर काढतात. इंडक्शनची युनिटं आधीच्या वापरावर चढतात. महिना 90 युनिटांच्या घरात 70 वाढली, तर त्यातली 60 महागड्या 101–300 च्या टप्प्यात जातात. त्या टप्प्याचा वीज आकार, वहन आकार, इंधन समायोजन आणि वर 16 टक्के वीज शुल्क धरा. स्थिर आकार सोडा, तो तसाही भरावा लागतो. भाकरी मात्र जाळावरच फुगते. गॅस अगदी बंद करू नका.