जुनं तांबं कुठंय, हे मी विचारलंच नाही

मोटार दुरुस्तीच्या बिलावर चार ओळी होत्या: आर्मेचर रिवाइंडिंग (मोटारीच्या फिरणाऱ्या भागावर तांब्याची तार नव्यानं गुंडाळणं), कम्युटेटर टर्निंग (कार्बनचे ब्रश ज्यावर घासतात तो तांब्याच्या पट्ट्यांचा गोल भाग लेथवर घासणं), डायनॅमिक बॅलन्सिंग (फिरताना हादरू नये म्हणून वजन सारखं करणं), वार्निश. एकूण ३४,००० रुपये. यातलं लेथचं काम तेवढं खरं झालं होतं, तेही अर्धवट. हे कळायला मला तीन आठवडे लागले.

जळगावच्या एमआयडीसीत प्लास्टिकच्या चटईला लागणाऱ्या नळीचा आमचा छोटा प्लांट आहे. नळी काढणारं मशीन, म्हणजे एक्स्ट्रूडर, सेकंडहँड घेतला, त्याच्यासोबतच २० एचपीची डीसी मोटार आणि तिला व्होल्ट कमीजास्त करून देणारा ड्राइव्ह आला. प्लेटवर आर्मेचर ४४० व्होल्ट, ४० अँपिअर, फील्ड (भोवतीच्या चुंबकाचं वाइंडिंग) २२० व्होल्ट. हल्ली जो भेटतो तो म्हणतो, एसी मोटार आणि तिचा स्पीड बदलणारा व्हीएफडी बसवून टाक. बसवीनही कधीतरी. पण फील्ड कायम ठेवायचं आणि आर्मेचरचे व्होल्ट कमीजास्त करायचे, की स्पीड हवा तसा मिळतो. कमी स्पीडलाही ही मोटार दम सोडत नाही. चालतंय ते कशाला मोडा, असा माझा हिशोब.

मे महिन्यात, बाहेर ४४ अंश ऊन असताना, नळी कधी जाड तर कधी बारीक यायला लागली. अँपिअरचा काटा नाचायचा, मोटारीच्या खिडकीतून ठिणग्या दिसायच्या आणि ड्राइव्ह मधेच ट्रिप व्हायचा. आमचा धरणगावकडचा ऑपरेटर म्हणाला, ‘मोटार जयी गयी, भाऊ,’ म्हणजे जळून गेली. त्याचा दोष नाही, जळका वास खरंच येत होता.

वाइंडिंगवाला आला. त्याने मल्टीमीटर बझरवर लावला (रेझिस्टन्स अगदी कमी असला की तो वाजतो), आर्मेचरच्या दोन टोकांना पिना टेकवल्या. पीं वाजलं. ‘बघा शेठ, पूर्ण शॉर्ट आहे.’ मी मान डोलावली. ऑर्डर डोक्यावर होती, त्यामुळे दुसऱ्याला विचारायचं सुचलंच नाही.

त्या एका पीं वर मी फसलो, म्हणून ते जरा सविस्तर सांगतो. या मापाच्या चांगल्या, धडधाकट आर्मेचरचा रेझिस्टन्सही एक ओमच्या आत असतो. माझ्या मोटारीचा नंतर मोजला तर पाऊण ओम निघाला. म्हणजे बझर वाजणारच, नवी कोरी मोटार आणली तरी वाजणार. मग ४४० व्होल्टला हिशोबानं साडेपाचशेच्या वर अँपिअर व्हायला हवेत, ते का होत नाहीत? कारण फिरणारं आर्मेचर स्वतःच उलटे व्होल्ट तयार करतं. पूर्ण लोडवर ४० अँपिअर गुणिले पाऊण ओम, म्हणजे ३० व्होल्ट तेवढे तारेत खर्च होतात, बाकी साधारण ४१० उलट्या व्होल्टांशी झुंजण्यात जातात. थांबलेल्या मोटारीत ही झुंज नसते, म्हणून तिला एकदम पूर्ण व्होल्ट द्यायचे नसतात. आर्मेचर खरंच गेलंय का हे बघायचं तर ५०० व्होल्टचा मेगर (इन्सुलेशन तपासायचं मीटर) आर्मेचर आणि शाफ्ट यांच्यामध्ये लावावा लागतो, तोही ड्राइव्हच्या तारा काढून. शिवाय कम्युटेटरच्या शेजारशेजारच्या दर दोन पट्ट्यांमधला व्होल्टेज ड्रॉप तपासायचा. त्याने यातलं काहीच केलं नव्हतं.

पाच दिवसांनी मोटार आली. आर्मेचर लालचुटुक, नवरीसारखं. त्याच्या वर्कशॉपात ट्रायलही दाखवली, मोकळी फिरवून. मोकळी तर ती फिरणारच होती, ठिणग्यांची खरी परीक्षा लोडवर होते. प्लांटवर लावली आणि तिसऱ्या आठवड्यात आधीपेक्षा मोठ्या ठिणग्या. फोन केला तर म्हणाला, ‘शेठ, तुमच्या ड्राइव्हमध्येच फॉल्ट आहे.’

शेवटी भुसावळच्या एका काकांना आणलं. इलेक्ट्रिक लोको शेडमधून रिटायर झालेले. डब्ल्यूएजी-५ या मालगाडीच्या इंजिनांच्या, चाकं फिरवणाऱ्या डीसी ट्रॅक्शन मोटारी उघडण्यात त्यांची उमर गेली. त्यांनी सप्लाय बंद करायला लावला, स्वतः टेस्टरने खात्री केली, खिडकीचं झाकण काढलं आणि बॅटरी मारून बराच वेळ नुसतं बघत राहिले. मग विचारलं, ‘बापू, जुनं तांबं कुठंय?’

माझ्याकडे उत्तर नव्हतं. आर्मेचर रिवाइंड होतं तेव्हा किलोंनी तांबं निघतं आणि ते गिऱ्हाइकाचं असतं. जळगावचं सोनं लोक लांबून येऊन खात्रीनं घेतात, आणि मी जळगावातच राहून स्वतःच्या तांब्याची चौकशी केली नाही.

काकांनी थिनरचा बोळा कॉइलच्या टोकावर घासला. लाल रंगाखाली जुनं तपकिरी वार्निश, जुनीच बांधणी, आणि खाचेत वर्षानुवर्षांची काळी कार्बनची पूड. ‘वाइंडिंगला हातच लागलेला नाही,’ म्हणाले. पट्ट्यांवरचे ड्रॉप सगळीकडे सारखे आले. म्हणजे आर्मेचर आधीही चांगलंच होतं.

मूळ दुखणं निघालं ते असं: एक कार्बन ब्रश पुडीमुळे होल्डरमध्ये अडकला होता, दोघांच्या स्प्रिंगा ढिल्या होत्या, आणि ब्रश निम्म्याहून जास्त झिजले होते. अडकलेल्याचा करंट बाकीच्यांवर पडायचा, म्हणून ठिणग्या. मेगर आधी जेमतेम ०.६ मेगओम आला. कोरड्या हवेनं आणि ब्रशनं पूड काढल्यावर, दिवसभर बल्ब लावून सुकवल्यावर २० च्या वर गेला.

वाइंडिंगवाल्याने वर दोन नवी दुखणी दिली होती. कम्युटेटर लेथवर घासला, पण पट्ट्यांमधला अभ्रक खाली केला नाही. तो तांब्याच्या पाऊण-एक मिलिमीटर खाली असावा लागतो, नाहीतर ब्रश उड्या मारतो. आणि ब्रश रॉकर, म्हणजे सगळे ब्रश धरणारी कडी, खुणेपासून बोटभर सरकवून बसवला होता. काकांनी हॅकसॉची तुटकी पाती घासून बारीक केली आणि दोन दिवस एकेक खाच कोरत बसले. नवे ब्रश साध्या काचकागदानं कम्युटेटरच्या गोलाईला बसवले. एमरी वापरू दिली नाही, तिचे कण तांब्यात रुततात. रॉकर जुन्या पंचच्या खुणेवर आणला. ब्रशांचे २,६०० रुपये लागले. काकांनी मजुरी घेतली नाही, भरताची वांगी मात्र आनंदाने घेऊन गेले.

वर्कशॉपात जाऊन तांबं मागितलं. ‘भंगारात गेलं.’ बॅलन्सिंगचा रिपोर्ट? ‘मशीनवाल्याकडे आहे.’ आरडाओरड केल्यावर ८,००० परत मिळाले. बाकीचे गेले ते गेले.

आता कुठलीही मोटार गेटबाहेर पडायच्या आधी मी मेगरचं रीडिंग लिहून घेतो, रॉकरच्या खुणेचा आणि कॉइलच्या टोकांचा फोटो काढतो, एका कॉइलखाली रंगीत दोऱ्याचा तुकडा सरकवतो. रिवाइंडिंग ठरलं तर जुनं तांबं वजन करून परत, हे आधी कागदावर. दर महिन्याला ब्रशची लांबी पट्टीनं मोजतो. कम्युटेटरवर चॉकलेटी पापुद्रा दिसला तर पूर्वी मी तो चमकवून काढायचो. तो असणं चांगलं असतं, हेही काकांकडूनच कळलं.

परवा तोच वाइंडिंगवाला अजिंठा चौफुलीला चहाच्या टपरीवर भेटला. ‘काय शेठ, मोटार कशी चाललीय?’ म्हणाला. मी म्हटलं, मस्त, जुन्याच वाइंडिंगवर. चहाचे पैसे त्याने दिले.