सैल खोगिराखाली नमदा घालावा की भरती करून घ्यावी?

लोहा तालुक्यातील माळेगावच्या यात्रेतून आणलेल्या माझ्या घोडीची पाठ अरुंद होती, आणि घरातले खोगीर मात्र आधीच्या रुंद पाठीच्या घोड्याचे. नुसते पाठीवर ठेवले तर मानेमागचा उंचवटा आणि खोगिराची कमान यांत तीन बोटे सहज जात. मी वर बसलो की एकही जाईना, आणि महिनाभरात तिथले केस घासून गेले. नवे खोगीर त्या वर्षीच्या सोयाबीनच्या भावात बसणारे नव्हते. म्हणून आधी जाड नमदा, म्हणजे खोगिराखाली घालायची दाबलेल्या लोकरीची घडी, आणि नंतर त्याच खोगिराची भरती, म्हणजे त्याच्या खालच्या गादीत नवी लोकर भरून घेणे, असे दोन्ही उपाय मी करून पाहिले.

नमद्याने त्याच दिवशी काम भागते. उन्हाळ्यात चाऱ्याअभावी जनावर उतरले किंवा पावसाळ्यानंतर अंगाने भरले, तर पुढची घडी कमी-जास्त करता येते. भरतीत ही सोय नाही, हे मान्य करावे लागेल.

मला तो नकोसा झाला तो कुसळांमुळे. दिवाळीनंतर आमच्याकडच्या माळांवर कुसळी गवत वाळलेले असते आणि त्यातून तासभर फिरून आले, की नमद्याच्या कडा कुसळांनी भरून जातात. तंग, म्हणजे खोगिराचा पोटाखालचा पट्टा, आवळताच घोडी कान मागे टाकू लागली, तेव्हा मी नमदा उलटा करून तळहात फिरवला, तर तीन कुसळे माझ्याच हातात मोडली. त्यानंतर रोज संध्याकाळी चिमटा घेऊन ओसरीवर बसणे आले, आणि तरीही टोके आत राहतच.

भरतीसाठी खोगीर आठ दिवस कारागिराकडे राहिले. त्याने गोळे झालेली जुनी भरती काढून, धनगराकडून आणलेली पिंजलेली लोकर थोडी थोडी आत सारली. नवी लोकर दबते, म्हणून दोन महिन्यांनी पुन्हा जावे लागले; शिवाय पहिल्या वेळी डावी बाजू जास्त भरली गेली होती, ते घोडीच्या मागे उभे राहून पाहिल्यावर कळले. पण गादीचे चामडे कुसळ धरत नाही, आणि खालची पातळ सुती चादर झटकून धुता येते. खोगीरभरती या शब्दाची एवढी बदनामी का झाली, कोण जाणे.

अर्थात, खोगीर अरुंद असेल आणि घामाच्या ओल्या ठशात खांद्यामागे कोरडे डाग राहत असतील, तर दोन्ही उपायांनी दाब वाढेलच. तिथे खोगीरच बदलावे. गादीत लोकरीऐवजी फोम असेल, तर बहुधा नमद्यावरच भागवावे लागेल.

घोडीचे घासलेले केस आता परत आले आहेत. रुपयाएवढ्या जागेत मात्र ते पांढरे आले.