आधी कुसामा की आधी अनात्सुई?

स्वतःची शैली शोधताय आणि काही महिने एकाच कलावंताच्या मागे लागायचं ठरवलंय? मग चित्रकार यायोई कुसामा आणि शिल्पकार एल अनात्सुई ही दोन नावं जरूर विचारात घ्या. दोघांचंही काम लांबून ओळखू येतं, दोघंही एकच बारीकशी कृती हजारो वेळा करतात. फरक आहे तो ती कृती त्यांना कुठे सापडली यात.

कुसामांचा जन्म १९२९ चा, जपानमधल्या मात्सुमोतोचा. घरचा रोपवाटिकेचा व्यवसाय. लहानपणापासून त्यांना भास व्हायचे; टेबलावरच्या कापडाची फुलं छतावर, भिंतींवर, स्वतःच्या अंगावर पसरलेली दिसायची. ती भीती त्या कागदावर उतरवत गेल्या. पुढे न्यूयॉर्कमध्ये त्यांनी ‘इन्फिनिटी नेट्स’ म्हणजे ‘अनंत जाळ्या’ ही चित्रं रंगवली. गडद पृष्ठभागावर कुंचल्याचा एक छोटा वळसा, त्याला चिकटून दुसरा, मग तिसरा, असं कॅनव्हास भरेपर्यंत. म्हणजे कुसामांची ओळख बनलेला ठिपका या चित्रांत काढलेला नसतो, जाळीच्या मधे तो उरलेला असतो! हे नीट पाहिलंत तर त्यांची नक्कल करण्याचा मोह निम्मा ओसरेल. १९७७ मध्ये त्या स्वेच्छेने टोकियोतल्या मनोरुग्णालयात राहायला गेल्या आणि जवळच्या स्टुडिओत काम करत राहिल्या.

अनात्सुई १९४४ मध्ये घानात जन्मले आणि नायजेरियातल्या न्सुक्का इथे विद्यापीठात शिल्पकला शिकवू लागले. लाकूड, माती हाताळून झाली होती. १९९८ मध्ये त्यांना दारूच्या बाटल्यांच्या टाकून दिलेल्या झाकणांची पिशवी सापडली. झाकण कापायचं, चपटं करायचं किंवा पिळायचं, भोकं पाडायची, तांब्याच्या तारेने शेजारच्या तुकड्याला बांधायचं. रंग वरून लावायचा नाही. लाल, पिवळा, चंदेरी, जो झाकणाचा असेल तोच. अशी भिंतभर पसरलेली कामं पाहून अनेकांना केंटे आठवतं, घानात पट्टे जोडून तयार होणारं कापड. त्यांचे वडील ते विणायचे. शिवाय गुलामांच्या व्यापारात दारू हे देवाणघेवाणीचं साधन होतं, तोही इतिहास त्या झाकणांना चिकटलेला आहे. मला सर्वात भावतं ते हे, की कामाला कायमचा आकार नसतो. प्रदर्शन लावणारे दरवेळी वेगळ्या चुण्या पाडू शकतात.

तुमच्या मनात एखादी प्रतिमा वर्षानुवर्षं घर करून असेल, तर बेलाशक कुसामांपासून सुरुवात करा. तसं काही नसेल, तर माझा कौल ठामपणे अनात्सुईंना. दुसऱ्याची भीती उसनी घेता येत नाही, पण वस्तूकडे पाहण्याची रीत शिकता येते. रोज फेकली जाणारी एक वस्तू निवडा, शंभर नग जमवा आणि महिनाभर फक्त कापणं, दुमडणं, बांधणं करा. काय बनवायचं ते आधी ठरवू नका.