सिलॉजिझम: वर्तुळं काढू की टेबल पाठ करू?

बेळगाव, खानापूर, निपाणीकडची पोरं रेल्वे आणि बँक दोन्हीचे फॉर्म भरतात आणि सिलॉजिझमला, म्हणजे दिलेल्या विधानांवरून निष्कर्ष काढायच्या प्रश्नांना, आली की हा प्रश्न विचारतात. माझं मत, रेल्वेला टेबल, बँकेला वर्तुळं (प्रत्येक गटाचं एक वर्तुळ काढून बघायचं).

टेबल म्हणजे पहिलं विधान+दुसरं विधान=निष्कर्ष: सगळे+सगळे=सगळे, काही+सगळे=काही, सगळे+एकही नाही=एकही नाही, आणि सगळे+काही आलं की काहीच निघत नाही, विषय संपला. रेल्वेचा पेपर मराठीत घेता येतो, तिथल्या दोन विधानांच्या साध्या प्रश्नाला टेबल एकदम फास्ट. पण एकही नाही+सगळे असेल तर उत्तर उलटं लागतं, शेवटच्या शब्दापासून पहिल्याकडे 'काही नाहीत', हे पाठ करणारे हमखास विसरतात.

आता हे बघ की. सगळे कुंदे मिठाई आहेत, काही मिठाई मांडे आहेत. निष्कर्ष १: काही कुंदे मांडे आहेत. निष्कर्ष २: एकही कुंदा मांडा नाही. टेबलनं दोन्ही बाद, आणि पोरगं 'दोन्ही नाही' वर टिक करून मोकळं! पण दोन्हीतलं एक खरं असणारच ना, म्हणून उत्तर 'एकतर १ किंवा २'. वर्तुळ काढलं असतंस तर मांड्यांचं वर्तुळ कुंद्यात घुसवता पण येतंय आणि बाहेर ठेवता पण येतंय हे डोळ्यांना दिसलं असतं. टेबलच धरणार असशील तर 'एकतर-किंवा'च्या जोड्या वेगळ्या पाठ कर: काही आणि एकही नाही, सगळे आणि काही नाहीत, शब्द दोन्हीकडे तेच, आणि एकेकटं कुठलंच निघत नसेल तरच.

बँकेत आयबीपीएसच्या पीओ-क्लार्क भरतीच्या पहिल्या परीक्षेला, प्रिलिम्सला, रीझनिंगचे ३५ प्रश्न २० मिनिटांत आणि चुकीला त्या प्रश्नाच्या मार्कांचा चौथा हिस्सा कट, म्हणून पोरं वर्तुळाला घाबरतात, टाइम जातो म्हणून. पण तिथं 'ओन्ली अ फ्यू' आणि पॉसिबिलिटी, म्हणजे 'असं असू शकतं का' छापाचे निष्कर्ष, येतात, टेबल तिथं लंगडं पडतं. ओन्ली अ फ्यू ए आर बी म्हणजे काही ए बी आहेत आणि काही नाहीतच, तर ए चा बाहेरचा तुकडा क्रॉस मारून ठेव, 'सगळे ए बी असू शकतात' लगेच उडतं. 'सगळे बी ए असू शकतात' मात्र चालतं.

आणि कॉलेजात लॉजिक शिकलेला कुणी 'सगळे' वरून 'काही' निघत नाही म्हणाला तर वाद घालत बसू नको, या परीक्षांत ते निघतं असंच धरतात.