गोधडीची कार्यशाळा: गिल्डकडे जाऊन घ्यावी की झूमवर?

अमेरिकेतल्या क्विल्ट गिल्डने, म्हणजे क्विल्ट शिवणाऱ्यांच्या मंडळाने, गोधडी शिकवायला बोलावलं, की प्रवास करायचा की घरूनच झूमवर शिकवायचं, हे आधी ठरवावं लागतं. माझं मत सुरुवातीलाच सांगते: धावदोरा शिकवायचा असेल तर जाच.

गिल्डमधल्या बायका कसलेल्या असतात, पण बऱ्याच जणींचा हात मशीनवर बसलेला असतो. मोजून कापलेले तुकडे आणि मध्ये बॅटिंग (मऊ भरावाचा थर), ही त्यांची सवय. आपल्याकडे जुन्या लुगड्यांचे थर आणि हाताचा टाका. दोरा जास्त ओढला तर कापड गोळा होतं, सैल सोडला तर थर सरकतात. शेजारी बसलं, की गोधडीवरून तळहात फिरवून ओढ कुठे आली ते कळतं आणि शिकणारीचा हात तिथे टेकवून तिलाही दाखवता येतं. कॅमेऱ्यात टाका दिसतो, ओढ दिसत नाही.

जाणं मात्र दगदगीचं. साधारण बेत असा: एका दिवशी सभेत व्याख्यान, दुसऱ्या दिवशी सहा तासांची कार्यशाळा. दोन्हींचं मानधन वेगळं. प्रवास आणि मुक्कामाचा खर्च बहुधा गिल्डकडे. गाडीने गेलात तर मैलामागे पैसे मागा. आयआरएसचा (अमेरिकेच्या कर खात्याचा) दर २०२५ मध्ये मैलाला ७० सेंट होता. सगळं करारात लिहून घ्या, कार्यशाळा रद्द झाली तर काय तेही. विमानभाडं छोट्या गिल्डला एकट्याने झेपत नाही; आसपासच्या दोन-तीन गिल्डनी मिळून बोलावलं तरच परवडतं. आणि आजीची गोधडी चेक-इन सामानात टाकू नका, हातातल्या बॅगेतच ठेवा. रोटरी कटर (कापड कापायचं गोल पातं) मात्र चेक-इनमध्येच जातो.

झूम व्याख्यानाला उत्तम. थंडीत बर्फातून गाडी हाकावी लागत नाही, दूरच्या राज्यातला गिल्डही जोडता येतो. कार्यशाळाच घ्यायची तर सलग सहा तास नकोत. दोन-दोन तासांच्या बैठका ठेवा, म्हणजे मधल्या दिवसांत त्यांचा हात बसतो. हातावर वरून रोखलेला दुसरा कॅमेरा हवाच. रेकॉर्डिंग किती दिवस ठेवणार, हे आधीच ठरवून घ्या.

एच-४ व्हिसावर (नोकरीसाठी आलेल्याच्या जोडीदाराच्या व्हिसावर) असाल आणि कामाची परवानगी नसेल, तर जाऊन शिकवा की झूमवर, मानधन घेता येत नाही.

नव्याने सुरुवात करत असाल, तर गाडीने दोन तासांच्या आतला गिल्ड निवडा आणि पहिल्या वर्गात बारा जणींच्या वर घेऊ नका. प्रत्येकीच्या कापडावर तुमचा हात फिरायला हवा.