लातूरचं कॅप काउन्सेलिंग सेंटर: पप्पांचं कम्प्युटर, माझं सिव्हिल

लातूरला ट्यूशन एरियात निकालाच्या सीझनला कॅप राउंडच्या, म्हणजे इंजिनिअरिंगच्या सरकारी ऑनलाइन ॲडमिशनच्या, काउन्सेलिंगचे बोर्ड गल्लोगल्ली लागतात, त्यातल्याच एका सेंटरला मी आणि पप्पा गेलतो, त्याचा हा रिव्ह्यू. आधीच सांगते, नुसता ऑप्शन फॉर्म (कॉलेज-ब्रांचच्या पसंतीची यादी) भरून घ्यायचा असेल तर पैसे घालू नका, तो आपल्याच लॉगिनमधून भरता येतो आणि कागदपत्रं तपासायला एफसी म्हणजे सुविधा केंद्रं आहेत. पण घरात ब्रांचवरून वाजलं असेल तर जा.

आमच्यात वाजलं होतं. सीईटीचा निकाल लागल्यापासून पप्पांचं एकच, कम्प्युटर घे नाहीतर आयटी घे, मामाचा पोरगा हिंजवडीला आहे बघ, सिव्हिल म्हणजे उन्हात साइटवर उभं राहायचं, पोरीच्या जातीला कशाला ते. मला सिव्हिलच पाहिजे होतं. आई दोघांच्या मधे. शेवटी पप्पाच म्हणले चल जाणकाराला विचारू, त्यांना खात्री होती जाणकार त्यांच्याच बाजूनं बोलणार.

बाहेरचा अनुभव खराब. अपॉइंटमेंट असून ताटकळत बसवलं, मधेच एका खाजगी कॉलेजचं पॅम्प्लेट हातात दिलं, आणि काउंटरवरच्या पोरानं सरळ लॉगिनचा पासवर्ड मागितला. कुणालाच देऊ नका, ओटीपी पण नाही. फॉर्म कन्फर्म झाला की त्या राउंडला बदलता येत नाही, मग दुसऱ्याच्या हातात कशाला द्यायचं.

आतल्या मॅडम मात्र एकदम भारी. त्यांनी सुरुवातीला मत दिलंच नाही. आम्हाला दोघांना एकेक कोरा कागद दिला आणि म्हणल्या एकमेकांचं न बघता पहिले दहा ऑप्शन लिहा, कॉलेज आणि ब्रांच दोन्ही. पप्पांनी सगळीकडं कम्प्युटर आणि आयटीच लिहिलं, खाली एक ईएनटीसी (इलेक्ट्रॉनिक्स-टेलिकॉम). माझ्यात पुण्याचं सीओईपी, संभाजीनगरचं गव्हर्नमेंट, नांदेडचं एसजीजीएस, सगळीकडं सिव्हिल. मग पप्पांनी त्यांची आयडिया सांगितली, वर कम्प्युटर टाकू, खाली सिव्हिल, लागलं ते लागलं. मॅडमनी तिथंच थांबवलं. सिस्टीम लिस्ट वरून बघत येते, मेरिटमधे बसणारा पहिला ऑप्शन देऊन टाकते, आणि पहिल्या राउंडला एक नंबरचाच ऑप्शन लागला तर सीट ऑटो फ्रीझ, पुढच्या राउंडला जाताच येत नाही. म्हणजे लागलं ते लागलं असं काही नसतंच, एक नंबरला काय टाकायचं तेच खरं भांडण आणि ते घरीच मिटवून यावं लागतं. हे इतकं स्पष्ट आम्हाला तोवर कुणीच सांगितलं नव्हतं.

पप्पांचा दुसरा मुद्दा फीचा. २०२४ पासून ईडब्ल्यूएस, एसईबीसी, ओबीसी या प्रवर्गांतल्या मुलींना घरचं उत्पन्न ८ लाखांच्या आत असेल तर कॅपमधून ॲडमिशन घेतल्यावर ट्यूशन फी आणि परीक्षा फी माफ आहे, मग खाजगीतलं कम्प्युटर का नको, असं ते म्हणले. मॅडमनी मान्य केलं, पण हॉस्टेल, मेस, डेव्हलपमेंट फी यांची बेरीज समोर लिहून दाखवली. आणि मला पण सोडलं नाही, सिव्हिलला कॅम्पसमधून पॅकेज कमी लागतं, सरकारी नोकरीच्या परीक्षांना वर्षं जातात, हे तोंडावर सांगितलं. मला ते आवडलं.

मग विचारलं सिव्हिलच का. आमचं गाव औसा तालुक्यात, किल्लारीच्या जवळ. १९९३ च्या भूकंपात माणसं मेली ती घरांनी मेली, दगडमातीच्या जाड भिंती, वर माळवदावर (लाकडाच्या सपाट छतावर) मातीचा थर, ते सगळं झोपलेल्या माणसांवर आलं, आणि तसली जुनी घरं आपल्याकडं अजून पण आहेत, त्यांना मजबूत करायचं शिकायचंय असं मी सांगितलं. तर पप्पाच मधे बोलायला लागले. भिंत एक नसायची म्हणले, बाहेरचा थर वेगळा आतला वेगळा, मधे नुसती माती अन बारके दगड, दोन्ही थर धरून ठेवणारा आरपार दगडच कुणी घालायचं नाही, म्हणून दोन्हीकडं फुटली. मॅडमच्या पेनानं त्यांनी कागदामागं भिंतीचं चित्र काढून दाखवलं. भूकंप झाला तेव्हा ते शाळकरी वयाचे होते. घरी इतक्या वादात हा विषय एकदा पण निघाला नव्हता. मॅडमनी घड्याळाकडं न बघता बोलू दिलं, याचे खरे पैसे.

पप्पांना सिव्हिल पटलं असं अजून पण नाही. पण एक नंबरला सरकारी कॉलेजचं सिव्हिल टाकायला त्यांनी हो म्हणलं, आणि मी पण सगळ्या सिव्हिलच्या खाली कम्प्युटर टाकलं.

चार स्टार. एक कापला तो पॅम्प्लेट आणि पासवर्डसाठी. जाणार असाल तर सकाळची पहिली वेळ घ्या, उत्पन्नाचा दाखला आणि स्कोअरकार्ड सोबत ठेवा, वडिलांना न्याच, आणि फीची पावती मागून घ्या, आपणहून देत नाहीत.