घरात मांजर, कुत्रा आणि सुक्या गवताचे तुरे : दहा महिन्यांनंतरचा अनुभव

गेल्या दसऱ्याच्या आधी मी जळगावच्या आमच्या घराच्या सजावटीसाठी पंपास गवताचे बारा सुके तुरे ऑनलाइन मागवले. घरात मनी ही मांजर आणि काळू हा गावठी कुत्रा असल्यामुळे मागवण्यापूर्वी हे गवत विषारी आहे का, एवढे मी तपासून घेतले होते. ते विषारी समजले जात नाही. मात्र या दहा महिन्यांत आम्हाला जो त्रास झाला, तो सगळा गवताच्या आकारामुळे आणि त्याच्या झडण्यामुळे झाला, आणि त्याचा विचार मी आधी केलाच नव्हता.

पंपास मूळचे दक्षिण अमेरिकेतले. त्याच्या पात्यांच्या कडा करवतीसारख्या असतात, आणि त्याचे शास्त्रीय नावही कापण्याच्या अर्थाच्या स्पॅनिश शब्दावरून आले आहे. आमच्याकडे आलेल्या दोन-तीन काड्यांवर पाती तशीच राहिली होती. ती मी हातमोजे घालून कापून टाकली. थंडीभर तुरे सुरेख राहिले. मार्चच्या शेवटी पारा चाळिशीच्या वर गेला, कूलर सुरू झाला, आणि त्याच्या झोतासमोर तुऱ्यांमधून पांढरा भुसा उडू लागला. सकाळी झाडलेली फरशी दुपारी पुन्हा पांढुरकी दिसे, पाण्याच्या भांड्यात तंतू तरंगत, आणि मनी त्या उडणाऱ्या तंतूंमागे धावून ते खाऊ लागली. मांजराच्या जिभेवरचे काटे आतल्या बाजूला वळलेले असल्यामुळे तोंडात गेलेला तंतू तिला सहज थुंकता येत नाही. एका पहाटे तिने करंगळीएवढा गोळा ओकला. तो केसांचा असेल असे वाटले होते, पण पाण्यात सोडवून पाहिल्यावर त्यात निम्म्याहून अधिक पंपासचे तंतू निघाले.

तंतू झडू नयेत म्हणून तुऱ्यांवर हेअरस्प्रे मारण्याचा सल्ला सर्रास दिला जातो. मी तो मानला नाही, कारण अंगावर बसलेले सगळे मांजर चाटूनच काढते. त्याऐवजी तुरे गच्चीवर नेऊन एकेक करून जोरात झटकले, पूर्ण फुलारून गेलेले सहा काढून टाकले, आणि उरलेले कूलरच्या झोतापासून दूर, मनीला उडी मारता येणार नाही अशा उंचीवर ठेवले. पूर्ण उमलण्याआधी कापलेले तुरे कमी झडतात. पुन्हा कधी घेतले तर तेच मागून घेईन. शिवाय एका कुंडीत गहू पेरून दिले. कोवळे गवत समोर मिळाल्यापासून तिचे तुऱ्यांकडे लक्ष बरेच कमी झाले आहे.

काळूची गोष्ट याहून गंभीर आहे. दिवाळीच्या सुट्टीत रावेर तालुक्यात मामांच्या शेताच्या बांधावरून मी कुसळी गवताची एक जुडी हौसेने आणली होती, कारण त्याचा तांबूस रंग पंपासच्या फिकट तुऱ्यांशेजारी फार खुलून दिसे. डिसेंबरात काळू उजवा पुढचा पंजा सतत चाटू लागला. बोटांच्या बेचक्यात वाटाण्याएवढी गाठ आली, तरी साधा काटा रुतला असेल असे समजून मी चार दिवस हळद लावत राहिले. त्या चार दिवसांचे मला अजूनही वाईट वाटते. अखेर पशुवैद्यकांनी भूल देऊन चिमट्याने कुसळ बाहेर काढले. कुसळाच्या टोकदार दाण्यावर मागे वळलेले ताठ केस असतात, त्यामुळे ते एकदा शिरले की पुढेच सरकते, आणि एक्स-रेमध्ये ते सहसा दिसतही नाही. ओल मिळाली की त्याचा लांब केस पीळ सोडत गरगर फिरतो आणि दाणा आत रेटतो. नुकत्याच पुसलेल्या फरशीवर पडलेले एक कुसळ असे वळवळताना मी स्वतः पाहिले आणि त्याच दिवशी ती जुडी घराबाहेर काढली. कुत्रा अचानक सारखा शिंकू लागला, डोके झटकू लागला किंवा एकच पंजा चाटत बसला, आणि घरात असे गवत असेल, तर घरगुती उपायांत दिवस घालवू नयेत, एवढे मी कळकळीने सांगेन.

श्रावणात कानबाईसाठी, म्हणजे आमच्या खानदेशातल्या देवीच्या सणासाठी, घर धुऊन काढताना पंपासची उंच फुलदाणीही रिकामी केली, तेव्हा काड्यांच्या बुडाशी बुरशी धरलेली दिसली. बुडे दोन इंच कापून काड्या उन्हात वाळवल्या, आणि काळूच्या शेपटीने कलंडू नये म्हणून फुलदाणीत तळाशी वाळू भरली.

कोपऱ्यातल्या तांब्याच्या जुन्या कळशीत आता दादर ज्वारीची कणसे आहेत. किडे होऊ नयेत म्हणून ती आधी दोन दिवस कडक उन्हात ठेवली, कळशीत कडुलिंबाचा वाळलेला पाला घातला, आणि ज्यांना कुसे होती ती वेगळी काढली. दाणे गळतात, पण ते वेचता येतात. हवेत काही उडत नाही. मनीने पहिल्या दिवशी कळशीभोवती हुंगत एक फेरी मारली आणि ती सरळ गव्हाच्या कुंडीकडे गेली. पंपासचे सहा तुरे अजून फडताळावर आहेत; दिवाळीत पणत्या लागतील तेव्हा मात्र ते चार दिवस कपाटात बंद राहतील.